कढईतलं मीठ आणि ताटातलं मीठ : खारट आवडणाऱ्या घराचा बारा आठवड्यांचा हिशेब

सोलापुरातलं चार मोठ्या माणसांचं घर. गृहस्थ ५४ वर्षांचे, सरकारी कचेरीत बैठं काम. घरात पत्नी, मुलगा, सून. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टनची गोळी दोन वर्षं चालू आहे, तरी घरी मोजलेला वरचा आकडा सरासरी १४५ आणि खालचा ९०. डोस वाढवण्याआधी डॉक्टरांनी तीन महिने दिले आणि चिठ्ठीवर दोनच शब्द लिहिले: 'मीठ कमी'. किती कमी आणि कशातलं कमी, हे घरच्यांनी ठरवायचं होतं.

हे कुणा एका कुटुंबाचं प्रकरण नाही. अशा घरांत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एका छपराखाली आणल्या आहेत. आकडे नेहमीच्या पाककृतींतल्या प्रमाणांवरून आणि पाकिटांवरच्या मजकुरावरून काढले आहेत. तुमच्या घरचे वेगळे येतील, हिशेबाची रीत तीच राहील.

पहिला प्रयत्न नऊ दिवसांत बारगळला

बहुतेक घरं सुरुवात करतात तशीच इथेही झाली. गृहस्थांसाठी वेगळं पातेलं, त्यात मीठ जवळजवळ नाहीच. फरसाणाचा डबा वरच्या फळीवर गेला. खारे शेंगदाणे बंद. तिसऱ्या दिवशी "अहो, आमटी कशी झालीय?" या प्रश्नाला "मिळमिळीत" एवढंच उत्तर आलं. चौथ्या दिवसापासून त्या आमटीबरोबर लोणच्याच्या दोन फोडी जादा आणि एकाऐवजी दोन पापड. सहाव्या दिवशी कचेरीबाहेर भजी. नवव्या दिवशी वेगळं पातेलं बंद झालं, कारण दोनदा स्वयंपाक करणाऱ्या पत्नीही कंटाळल्या होत्या.

याला मनाचा कमकुवतपणा म्हणून सोडून देऊ नये. जिभेला जितक्या खारटपणाची सवय असते, त्याच्या फार खाली एकदम गेलं की अन्न बेचव लागतं आणि माणूस ती तूट जवळच्या सगळ्यांत खारट पदार्थानं भरून काढतो. जिभेची सवय बदलते, पण तिला दोन ते तीन महिने लागतात. नऊ दिवसांत काहीच घडत नाही.

आधी पाकीट मोजलं

दुसऱ्या खेपेला कपातीच्या आधी एक आठवडा काहीच कमी केलं नाही, फक्त मोजलं. सगळ्यांत सोपं माप म्हणजे मिठाचं पाकीट. नवीन पाकीट फोडलं की त्यावर तारीख लिहायची. मागच्या महिन्यांचं आठवून पत्नीनं सांगितलं की एक किलो साधारण २८ दिवस पुरतं. म्हणजे रोज सुमारे ३६ ग्रॅम, माणशी ९. यात लोणचं, पापड, फरसाण, बाहेरचं खाणं धरलेलंच नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, आणि त्यात सगळं आलं. देशभरच्या पाहणीत आपली सरासरी ८ ग्रॅमच्या आसपास निघालेली आहे, तेव्हा हे घर काही जगावेगळं नव्हतं.

मग गृहस्थांच्या एका दिवसाचं ताट मांडलं. चहाच्या चमच्यानं सपाट भरून बारीक मीठ घेतलं तर ते साधारण ६ ग्रॅम भरतं. चार वाट्या आमटीत असा एक चमचा पडत होता, म्हणजे वाटीला दीड ग्रॅम. सकाळच्या पोह्यांच्या बशीत १.३, वर भुरभुरलेल्या शेवेचे ०.३. दुपारच्या भाजीत १.२. कणीक भिजवताना अर्धा किलोला एक चमचा मीठ, त्याच्या सोळा पोळ्या, त्यातल्या तीन त्यांच्या: १.१. कैरीचं लोणचं चमचाभर: दीड ग्रॅम. एक उडदाचा पापड: ०.४५. जेवणानंतरचं ताक: १. चारच्या सुमाराला मूठभर खारे शेंगदाणे: ०.४. संध्याकाळी वाटीभर फरसाण: ०.८. रात्री भाकरी, तिच्यात मीठ नाही. पण पिठल्यात दीड, ठेच्यात अर्धा, शेंगाचटणीत ०.४. बेरीज बारा ग्रॅमला टेकली.

आता पाहा, पहिल्या प्रयत्नात नेमकं काय बंद केलं होतं. शेंगदाणे आणि फरसाण मिळून १.२ ग्रॅम, म्हणजे दिवसाचा दहावा भाग. पोहे, आमटी, भाजी, पोळी आणि पिठलं मिळून ६.६, निम्म्याहून जास्त. शेंगदाण्याचं मीठ सालीवर असतं, जिभेला ते पहिल्या क्षणी भेटतं, म्हणून थोडं असूनही तो खारा लागतो. पोळीतलं मीठ कणकेत अडकलेलं असतं. लाळेत विरघळायच्या आत घास गिळला जातो. ग्रॅमभराहून जास्त पोटात गेलं तरी पोळी खारट आहे असं कुणी म्हणत नाही. आवडीचं खारट आणि पोटात जाणारं मीठ, ही दोन वेगळी खाती आहेत. घरानं आवडीच्या खात्यावर जप्ती आणली होती.

म्हणून या वेळी उलट ठरलं. मीठ कढईतून काढायचं, ताटात थोडं ठेवायचं. आपल्याकडे पान वाढताना वरच्या टोकाला आधी मीठ वाढतात, शेजारी लिंबाची फोड. ती चिमूट परत आणायची.

पहिले दोन आठवडे : ज्याची आठवणही येणार नाही ते

कणकेतलं मीठ पूर्ण बंद केलं. पोळी मऊ राहावी म्हणून तेल आणि पीठ अर्धा तास झाकून मुरवणं पुरतं. मीठ नसलं म्हणून पदर सुटायचे थांबत नाहीत. घरात कुणाला कळलंसुद्धा नाही.

ताकातलं मीठ काढलं. इथे नुसतं काढून भागलं नसतं, कारण ताक जिभेवर सरळ येतं. पेल्याला पाव चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड, किसलेलं आलं, कोथिंबीर, आणि हिंगाची फोडणी गार करून. दही थोडं आंबट असेल तर काम सोपं होतं.

तिसरी गोष्ट लोणच्याची. चमचा बरणीतून थेट ताटात येत होता आणि खाराचा रसाही यायचा. आता एक फोड, खार निथळून. दीड ग्रॅमचं पाऊण झालं.

गृहस्थांपुरता हा फरक पावणेतीन ते तीन ग्रॅमचा. बारावरून नऊवर ते आले आणि तक्रार एकच: ताकाची, तीही तीन दिवस.

याच आठवड्यात एक लपलेली गोष्ट सापडली. रात्री पोट जड वाटलं की ते अधूनमधून पाण्यात फसफसणारी पित्ताची पुडी घेत. तिच्यात खायचा सोडा असतो. अशा ५ ग्रॅमच्या पुडीतून ८०० मिलिग्रॅमच्या वर सोडियम जाऊ शकतं, म्हणजे सोडियमच्या हिशेबात सुमारे दोन ग्रॅम मीठ. पुडीला खारट चव नाही, त्यामुळे ती कुणाच्या यादीत येत नाही. ढोकळ्यातला सोडा, पापडातला पापडखार आणि फसफसणाऱ्या वेदनाशामक गोळ्यांची गोष्टही तीच. पाकिटावर 'सोडियम' मिलिग्रॅममध्ये दिलेलं असतं. त्याला अडीचनं गुणलं आणि हजारानं भागलं की मिठाचे ग्रॅम मिळतात.

तिसरा ते दहावा आठवडा : बरणी

अवघड भाग हा. चिमटीनं दहा टक्के मीठ कमी करता येत नाही. सासूची चिमूट वेगळी, सुनेची वेगळी, आणि घाईच्या दिवशी दोघींचीही वेगळी. स्वयंपाकघरातल्या साध्या वजनकाट्यावर १ ग्रॅमही खात्रीनं मोजला जात नाही. म्हणून वजन रोजचं न करता आठवड्याचं केलं. दर रविवारी एका छोट्या बरणीत ठरलेलं मीठ मोजून भरायचं आणि पुढच्या रविवारपर्यंत घरातला सगळा स्वयंपाक त्यातूनच करायचा. मोठा डबा कपाटात.

मूळ खर्च आठवड्याला २५० ग्रॅम होता. पोळी आणि ताक सुटल्यावर १९० उरला. बेत असा: तिसऱ्या आठवड्यापासून बरणीत १७२, पाचव्यापासून १५५, सातव्यापासून १३७, नवव्यापासून १२०. दर पायरीला दहा-बारा टक्के, आणि प्रत्येक पायरीवर दोन आठवडे मुक्काम. पातेलं सगळ्यांचं एकच. वेगळं शिजवायचं नाही, ही अट पहिल्या फसलेल्या प्रयत्नातून आली.

त्याबरोबर गृहस्थांच्या ताटाशेजारी एक डबी. तिच्यात आठवड्याचे ७ ग्रॅम. वाटेल तेव्हा वरून घ्यायची मुभा, फक्त पातळ पदार्थात ढवळायचं नाही. पिठल्याच्या माथ्यावर, काकडीच्या फोडीवर, भाकरीच्या तुकड्यावर घ्यायचं, म्हणजे मीठ जिभेला आधी भेटतं. डबी मोकळी ठेवली तर माणूस सगळं परत घालून घेईल ही भीती रास्त वाटते, पण तसं होत नाही. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात जेवणातलं सोडियम निम्म्यावर आणून लोकांना मिठाची डबी मोकळी दिली होती. काढलेल्या सोडियमपैकी त्यांनी पाचव्या हिश्श्याहून कमीच परत घातलं.

डबी हे मापही आहे. शनिवारी तिच्यात मीठ उरलं तर पुढची पायरी घ्यायला हरकत नाही. गुरुवारीच संपली तर पायरी मोठी झाली. त्याच वजनावर आणखी एक आठवडा थांबायचं. या घरात सातव्या आठवड्यात तसंच झालं, आणि कारण पिठलं होतं.

पिठलं, कारलं आणि गुळाचा खडा

सगळे पदार्थ सारखे वागत नाहीत. बेसन, बटाटा, भात असे पिठूळ पदार्थ खारटपणा दाबतात, म्हणून पिठल्याला आमटीपेक्षा जास्त मीठ लागतंसं वाटतं. कारलं आणि मेथी यांत मिठाचं काम दुसरंच असतं: ते कडूपणा झाकतं. मीठ कमी झाल्यावर भाजी अळणी होण्याआधी कडू लागते आणि घर म्हणतं, "मीठ विसरलात." म्हणून कपातीची सुरुवात कारल्या-मेथीनं करू नये. त्यांना शेवटच्या पायरीपर्यंत हात लावला नाही. बरणी एकच असल्यानं त्यांचं जास्तीचं मीठ आमटीतून वळतं झालं.

आमटीत गूळ असतो, हे इथे उपयोगी पडलं. गोड वाढलं की खारट दबतं, मग मीठ वाढतं, मग पुन्हा गूळ. सुपारीएवढ्या खड्याऐवजी चिंचोक्याएवढा टाकला आणि आमसुलं दोनाची तीन केली, तेव्हा कमी मिठातही आमटीला धार आली. आंबट चव मिठाची उणीव सगळ्यांत चांगली भरून काढते: आमसूल, चिंच, लिंबू, कैरीचा मोसम असेल तर कैरी. आमसूल निवडताना चाखून घ्या. काही ठिकाणी ते मिठात मुरवून वाळवलेलं असतं.

या घरात पिठल्याला आंबट चालत नाही. तिथे लसूण ठेचून तांबूस होईपर्यंत तळायचा, हिरवी मिरची वाढवायची, आणि ठरलेल्या मिठापैकी निम्मंच शिजताना घालून उरलेलं ताटात वरून घ्यायचं. तरीही पिठलं शेवटपर्यंत थोडं कमी आवडलं. खोटं कशाला सांगायचं.

वाटेत आणखी दोन घोटाळे झाले. एका आठवड्यात बरणी शुक्रवारीच रिकामी. चौकशीत कळलं की सासूबाई आमटीत मीठ घालून देवपूजेला जातात आणि सूनबाई उतरवण्याआधी चाखून पुन्हा घालतात. उकळत्या आमटीचं मीठ जिभेला नीट कळत नाही. तीच आमटी ताटात निवली की खारट लागते. नियम झाला: मीठ एकीनंच, एकदाच, आणि चाखायचं ते बशीत ओतून, फुंकर मारून. दुसरा घोटाळा मसाल्याचा. घरचा काळा मसाला बिनमिठाचा होता, पण विकतचा चाट मसाला आणि पावभाजीचा मसाला यांत मीठ असतं. ते घातल्या दिवशी पातेल्यातलं मीठ निम्मं करायचं.

शेंगदाणे बंद केले नाहीत. खारे एक भाग, घरी भाजलेले बिनमिठाचे एक भाग, एकाच डब्यात हलवून. साल आणि मीठ एकमेकांना लागतं, मूठ तीच राहते, मीठ निम्मं होतं. चारची खारट ओढ ही बरेचदा भुकेची असते, कारण एकच्या जेवणानंतर रात्री नऊपर्यंत दुसरं जेवण नसतं. फरसाण एक दिवसाआड झालं, पापडही.

सैंधव आणि 'लो सोडियम'चा मोह

पाचव्या आठवड्यात कुणीतरी सैंधवाचं पाकीट आणून दिलं. सैंधव म्हणजे बहुतांशी सोडियम क्लोराइडच. पादेलोणही तेच, गंधकाचा वास सोडला तर. रक्तदाबापुरता अदलाबदलीचा काहीच लाभ नाही, उलट त्यात आयोडिन घातलेलं नसेल तर तेही हातचं जातं. मीठ कमी खायचं असेल तर जे खाल ते आयोडिनयुक्त असायला हवं.

'लो सोडियम' म्हणून मिळणाऱ्या, पोटॅशियम मिसळलेल्या मिठाची गोष्ट वेगळी. चीनच्या ग्रामीण भागात सुमारे २१ हजार लोकांवर झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पाऊण हिस्सा सोडियम क्लोराइड, पाव हिस्सा पोटॅशियम क्लोराइड असं मीठ वापरणाऱ्यांत पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी आढळलं. हे मीठ खरोखर काम करतं. पण या गृहस्थांना टेल्मिसार्टन चालू आहे आणि ते औषध शरीरात पोटॅशियम धरून ठेवतं. मूत्रपिंड अधू असेल किंवा अशी औषधं, स्पायरोनोलॅक्टोनसारख्या लघवीच्या गोळ्या चालू असतील, तर पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. त्यामुळे रक्तातलं क्रिएटिनीन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा) आणि पोटॅशियम तपासून, डॉक्टरांना विचारूनच. इथे घरात आलेलं अशा मिठाचं पाकीट दुकानात परत गेलं.

उन्हाळा आला

दहावा आठवडा एप्रिलमध्ये पडला. सोलापुरात पारा चाळिशीपार, आणि घरचे म्हणाले, घामातून मीठ जातं, आता तरी वाढवा. दिवसभर उन्हात शेतात किंवा बांधकामावर राबणाऱ्याला हे लागू आहे. त्याची कपात वेगळ्या बेतानं करावी लागते. पंख्याखाली बसणाऱ्याला नाही. मात्र जुलाब-उलट्या झाल्या तर जलसंजीवनी घ्यायचीच, तिच्यातलं मीठ मोजत बसायचं नाही. उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली तर बसून आणि उभं राहून रक्तदाब मोजून डॉक्टरांना कळवायचं. लघवी वाढवणारी गोळी किंवा मनोविकारावरचं लिथियम चालू असलेल्यांनी स्वतःच्या मनानं मीठ घटवूच नये. आणि कधी नव्हे ती मिठाची ओढ अचानक लागली, सोबत थकवा, वजन उतरणं, त्वचा काळवंडणं असेल, तर तो आवडीचा प्रश्न नाही. मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींच्या आजारात असं होतं आणि त्याची तपासणी लागते.

बाराव्या आठवड्याचं ताट

बरणी १२० ग्रॅमवर ठरली. गृहस्थांच्या वाट्याला पातेल्यातून आणि चटण्यांतून ४ ग्रॅम, लोणच्याचे ०.७५, पापड, फरसाण, शेव आणि शेंगदाणे मिळून सव्वा ग्रॅमच्या आत, डबीतून रोज अर्धा. एकूण साडेसहाला थोडं कमी. पाचाची मर्यादा गाठली नाही. बाराचे साडेसहा झाले.

रक्तदाबात किती उतरावं? उच्च रक्तदाब असलेल्यांत रोज साधारण साडेचार ग्रॅम मीठ कमी झाल्यावर वरचा आकडा सरासरी ५ नं आणि खालचा ३ च्या आसपास उतरतो, असं चाचण्यांचा एकत्र विचार करणाऱ्या २०१३ च्या विश्लेषणात निघालं. तेव्हा १४५ चे १३८-१४० झाले तर कपात लागू पडली असं समजायचं, १२० ची वाट पाहायची नाही. मोजायचं ते सात दिवस, सकाळ-संध्याकाळ, पाठ टेकून पाच मिनिटं बसल्यावर, आधी अर्धा तास चहा नाही, पट्टा हृदयाच्या उंचीवर, मिनिटाच्या अंतरानं दोनदा. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी डॉक्टरांना दाखवायची. गोळी आपण होऊन कमी करायची नाही. कपातीचा आकडा पक्का हवा असेल तर चोवीस तासांची लघवी जमवून सोडियम तपासता येतं: सकाळची पहिली लघवी सोडून द्यायची, नंतरची सगळी दुसऱ्या दिवशीच्या पहिलीसकट जमवायची. अहवालातलं १०० मिलिमोल सोडियम म्हणजे जवळपास ६ ग्रॅम मीठ.

याच सुमाराला वाळवणाचे दिवस होते आणि वर्षाचं मीठ खरं तिथे ठरतं. किलोभर उडदाच्या पिठाला ५० ग्रॅमच्या वर मीठ पडत असे, या वर्षी ३५ घातलं. पापडखार तसाच ठेवला, कारण तो कमी झाला की पापड फुलत नाही आणि चिवट होतो. लाटणाऱ्या बायकांनी पीठ चाखून नाकं मुरडली, पण भाजल्यावर कुणाला फरक सांगता आला नाही. सांडगी मिरची निम्मीच केली. ती मिठाच्या ताकात मुरवतात, तिच्यात कमी करण्याजोगं काही उरत नाही. लोणच्याला मात्र हात लावला नाही. किलोभर कैरीला २०० ते २५० ग्रॅम मीठ हे चवीसाठी नसून टिकण्यासाठी असतं, आणि ते घटवलं की पावसाळ्यात बरणीला बुरशी धरते. वर्षाचं लोणचं निम्मंच घातलं. उरलेल्या कैऱ्यांचा टक्कू: कैरी आणि कांदा किसून, तिखट, किंचित गूळ, वर हिंग-मोहरीची फोडणी, मीठ ताटात घेताना. फ्रिजमध्ये चार दिवस राहतो, तेवढ्यात संपतोच.